पीसीआरच्या २५ मायक्रोलिटर रिअॅक्शनमध्ये १ युनिट टॅक म्हणजे नेमकं किती टाकायचं?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, आणि टॅक हे त्या प्रती जोडणारं एन्झाइम. तुम्ही लिहिलंय: ८ नमुने तपासायचेत, टॅकच्या ट्यूबवर ५ युनिट प्रति मायक्रोलिटर लिहिलंय आणि प्रोटोकॉल १ युनिट मागतोय, म्हणजे १ भागिले ५, ०.२ मायक्रोलिटर, हे बरोबर का? तुमचा हिशोब बरोबरच आहे. खरी अडचण पुढे आहे: बहुतेक लॅबमध्ये असते ती ०.५ ते १० मायक्रोलिटरवाली पिपेट ०.२ नीट उचलतच नाही.

मी सोलापुरात डाळिंबाच्या पानांवरून तेल्याचा जिवाणू तपासतो. तुमच्यासारखेच ८ नमुने, एक पॉझिटिव्ह (जिवाणूचा डीएनए नक्की असलेली), एक निगेटिव्ह (डीएनए नसलेली), अशा १० ट्यूब असल्या की एक जादा धरून ११ चा मास्टर मिक्स, म्हणजे डीएनए सोडून सगळ्याचं एकत्र मिश्रण, करायचा. टॅक २.२ होतं, ते आरामात उचलता येतं.

बाकीच्या घटकांना शाळेतलंच सूत्र: हवी ती तीव्रता गुणिले २५, भागिले स्टॉकची तीव्रता. १० एक्स (दहापट तीव्र) बफर २.५. प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) १० मायक्रोमोलरचे, हवेत ०.२, म्हणून प्रत्येकी ०.५. डीएनटीपी (डीएनएचे चार सुटे घटक, म्हणजे न्यूक्लिओटाइड) प्रत्येकी ०.२ मिलिमोलर हवेत, तर १० मिलिमोलरच्या मिक्समधून ०.५. पण इथे लेबल दोनदा वाचा. चारही प्रत्येकी १० आहेत की चारही मिळून १०? मिळून असतील तर प्रत्येकी २.५ च पडतात आणि तुम्हाला ०.५ नव्हे, २ मायक्रोलिटर लागतील. पुष्कळ मुलांचे बँड (जेलवर दिसणाऱ्या डीएनएच्या पट्ट्या) इथेच फिके पडतात.

डीएनए १ धरला तर पाणी १९.८. आता सगळ्याला ११ ने गुणा: पाणी २१७.८, बफर २७.५, डीएनटीपी आणि दोन्ही प्रायमर ५.५-५.५, टॅक २.२. बेरीज २६४ आली पाहिजे. प्रत्येक ट्यूबमध्ये २४ भरा, डीएनए शेवटी वेगळा. निगेटिव्हमध्ये डीएनएऐवजी १ पाणी.

मॅग्नेशियम बफरमध्येच आहे असं मी धरलंय. नसेल तर २५ मिलिमोलर स्टॉकचे दर ट्यूबला १.५ टाका, तेवढं पाणी कमी करा.

युनिट हे वजन नाही, कामाचं माप आहे: ठरलेल्या तापमानाला ३० मिनिटांत १० नॅनोमोल न्यूक्लिओटाइड जोडणारं एन्झाइम म्हणजे १ युनिट. म्हणून कंपनी बदलली की लेबल पुन्हा बघायचं. टॅक ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, काकवीसारखं टिपला चिकटतं. टिपचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवून सावकाश ओढा. मिक्समध्ये ते तळाशी बसतं, तेव्हा हलक्या हाताने वरखाली करून मगच वाटा. मे महिन्यात तर टॅक बर्फाबाहेर नकोच, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे.

एवढं करूनही नमुन्यात बँड नाही आणि पॉझिटिव्हमध्ये आहे, असं झालं तर टॅक वाढवत बसू नका. डाळिंबाच्या पानात टॅनिन भरपूर, ते एन्झाइमलाच अडवतं. आधी डीएनए दहापट पातळ करून बघा.