मित्राचाच रोल आला म्हणून खट्टू झालेल्या मुलाला

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. याही मालिकेत नायकाचा मित्रच वाट्याला आला, आता सगळे तेवढ्यासाठीच बोलावतात, असं तुला वाटू लागलंय. म्हणून मिशा, विग, तीन-चार बोली असं सगळं घेऊन नवा पोर्टफोलिओ काढायचा तुझा बेत आहे. तो आधी रहित कर. ते पैसे भाड्याला लागतील.

दिलीप प्रभावळकरांचं काम तू तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं आहेस. एकदा ओळीने पाहा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवरचा चिमणराव, १९९१ च्या ‘चौकट राजा’तला नंदू, १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू, पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा आणि २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी. गांधीजी आणि ‘शेवरी’तलं काम मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. या माणसाला इंडस्ट्रीने साच्यात बसवायचा प्रयत्न केला नसेल असं तुला वाटतं का? एक चिमणराव लोकप्रिय झाला की दहा चिमणराव दारात येऊन उभे राहतात, ही या धंद्याची जुनी रीत आहे.

आता हेच सगळं डोळे मिटून ऐक. तात्या विंचूचा आवाज खर्जातून खरवडत येतो. आबांचा आवाज घरातल्या माणसाचा आहे, त्याला कुणावर छाप पाडायची नाही. गांधीजी मुन्नाशी बोलतात ते शेजारी बसून बोलावं तसं, उपदेशाचा सूर कुठेही लागत नाही. विग आणि चष्मा तिथे मदतीला आहेत एवढंच. माणूस आधी सापडलाय, आवाज त्याच्यामागून आलाय. रंगभूमीवर ‘हसवा फसवी’त त्यांनी एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. त्यातले थकलेले जुने नट कृष्णराव हेरंबकर आठवताना लोकांना अजून गलबलून येतं, आणि ते नाटक तर विनोदी होतं. सहा पोशाख कुणीही बदलेल. पाठोपाठ सहा माणसं उभी करायची तर प्रत्येकाचा श्वास वेगळा लागतो.

हे सापडतं कसं, याचं एक उत्तर त्यांच्या लेखनात आहे. आबांची मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’ या सदरावरून आली. एका घरातल्या माणसांच्या रोजनिशा ज्याने लिहिल्या, त्याला त्या घरातल्या म्हाताऱ्याची खुर्ची कुठे असते हे कुणी सांगावं लागत नाही. तूही लिही. छापायला नको, वहीत लिही. लोकलमध्ये समोर बसलेला माणूस पिशवी मांडीवर ठेवतो की पायांत, फोनवर साहेबाशी बोलताना उभा राहतो का, एवढंच.

दुसरा नट बघ, अगदी उलट रस्त्याने गेलेला. निळू फुले. चेहरा लपवायच्या भानगडीत ते फारसे पडले नाहीत. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस, दोन्ही चित्रपट जब्बार पटेलांचे, चेहरा तोच. हिंदुराव समोरच्याकडे बघतो तेव्हा त्याची किंमत करत असतो. दिगू फक्त बघत राहतो, साठवत राहतो, आणि शेवटी ते साठवलेलं त्याला पेलत नाही. पडद्यावरच्या पाटलामुळे गावोगावच्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात हा राष्ट्र सेवा दलात घडलेला, चळवळींच्या पाठीशी उभा राहणारा मृदू माणूस. माझ्या मते दिगू हे त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे, कारण त्यात करण्यासारखं जवळजवळ काहीच दिलेलं नाही.

म्हणून म्हणतो, मित्राचा रोल छोटा समजू नकोस. तुझा परवाचा एपिसोड पाहिला. चहाचा सीन. मास्टरमध्ये, म्हणजे सगळा सीन दुरून घेतला तेव्हा, तू ‘घरी सांगितलंस का?’ या वाक्यावर कप उचललास, चेहऱ्याच्या क्लोजमध्ये तोच कप वाक्य संपल्यावर. एडिटरने मग तुझा क्लोज वापरलाच नाही, नायिकेच्या रिअॅक्शनवर सीन काढला. कंटिन्युइटी सांभाळणं, दोन शॉट एकमेकांशी जुळवणं, हे असिस्टंटचं काम आहे, पण क्लोज तुझा गेला. कप कोणत्या हातात, कोणत्या शब्दाला उचलला, किती प्यायला, हे मास्टर झाला की लगेच मनात पक्कं कर. खरं तर तो माणूस कप का उचलतोय हे ठरलं असेल तर लक्षात ठेवावं लागत नाही. अवघड प्रश्न विचारताना नजर चुकवायला उचलतोय ना? मग तो दर टेकला त्याच शब्दावर उचलला जाईल.

डेली सोपमध्ये संवादांची पानं सेटवर आयत्या वेळी हातात पडतात, बारा तासांची शिफ्ट असते, तालीम म्हणजे दोनदा वाचन. तिथे फक्त घरून आणलेला माणूस कामाला येतो. वाक्यं बदलतील, माणूस बदलत नाही.

पैशांचं थोडक्यात. मालिकेचे पैसे हातात यायला तीन महिने लागतात हे धरूनच चाल. प्रत्येक दिवसाची नोंद ठेव: कॉल टाइम, पॅकअप, सीन किती. करारात तारखांचं कलम नीट वाच, नाहीतर चांगला सिनेमा येईल आणि तू मढच्या बंगल्यात मालिकेच्या शूटिंगला अडकलेला असशील. गाठीला सहा महिन्यांचा खर्च असला की मित्राचा पुढचा रोल नाकारता येतो. नकार देण्याची ताकद नटाला बहुतेक वेळा बँकेतूनच मिळते, आणि निवड करता आली तरच विविध भूमिकांची गोष्ट. मधल्या काळात नाटक धर. प्रायोगिक असलं, पैसे नसले तरी धर. तिथे तुला म्हातारा, चोर, न्यायाधीश कुणीही करू देतील, आणि कास्टिंगवाले तिथे बसलेले असतात.

हा मित्र मात्र आता सोडू नकोस, अर्धवट सोडलेलं काम लक्षात राहतं. लेखकाने त्याला घर दिलेलं नाही, तू दे. तो राहतो कुठे? दिवसाआड नायकाच्या दिवाणखान्यात येऊन बसतो, त्याला स्वतःचं काम काय आहे? येताना बसने येतो की बाइकवर? बाइकवर येत असेल तर आत आल्यावर हेल्मेट कुठे ठेवतो? सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्या दादांकडे हेल्मेट माग, ते आनंदाने देतील. दिग्दर्शकाला आधी विचार, सीन लागल्यावर नको.

सोमवारपासून शूट आहे म्हणालास. एपिसोड कधी लागतोय ते कळव, मी बघतो आणि फोन करतो.

तुझा,
काका