सामुदायिक रेडिओचा शेतकऱ्यांना फायदा होतो का, हे तपासायला १०० प्रश्नावल्या पुरतील का?

पुरतील. पण आधी ठरवा, तुलना कशाशी करणार? ‘बहुसंख्य श्रोत्यांना कार्यक्रम उपयुक्त वाटला’ असला निष्कर्ष वाचला की वाईट वाटतं, कारण आपल्याच भागात १९५६ साली याहून कितीतरी नेटका अभ्यास झालाय.

आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने तेव्हा पाच मराठी जिल्ह्यांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केलं. मंडळाची २० गावं घेतलीच, शिवाय मंडळ नसलेली २०. त्यांतल्या निम्म्यांत रेडिओ होता, निम्म्यांत नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती ठळक वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत थोडीच. ती मधली दहा गावं घेतली नसती तर चर्चेचं श्रेय रेडिओच्या खात्यात गेलं असतं.

आता तुमचे १००. दोन गावांतून ५०-५० नको, १० गावांतून १०-१० घ्या. पाच प्रक्षेपणाच्या टप्प्यातली, पाच बाहेरची. एका गावातली माणसं रोज एकमेकांशी बोलतात, उत्तरंही सारखी देतात. हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.०५ इतकंच धरलं तरी ५०-५० मध्ये १०० जणांचं वजन सुट्या निवडलेल्या २९ जणांइतकंच भरतं, १०-१० मध्ये ६९ जणांइतकं.

‘कार्यक्रम आवडतो का’ विचारूच नका. दारात आलेल्या पाहुण्याला कोण नाही म्हणेल? ‘घरच्या सोयाबीनची उगवण कशी तपासता?’ विचारा. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळायचे, ७० उगवले तर बी पेरायला चालतं, हे सांगता आलं तर माहितीचा गुण. ‘यंदा किती उगवले?’ याला आकडा आला तर वापराचा गुण. दोन्ही वेगळे मांडा. ‘यातले कोणते कार्यक्रम ऐकले?’ असं विचारायच्या यादीत कधीच न झालेल्या एका कार्यक्रमाचं नाव घाला. तोही ऐकला म्हणणारे वेगळे काढा.

प्रबंधाचे मार्गदर्शक ‘नमुना ४०० करा’ म्हणतील. अडून बसा. ४०० ने टक्केवारीतली चूक ±१० वरून ±५ वर येते, तीही माणसं सुटी-सुटी निवडली तर. बदल रेडिओमुळे झाला का, ते त्यातून कळत नाही.

हो, हे प्रश्न कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर, असे दोनदा विचारायचे. केंद्र आधीपासून चालू असेल तर ‘आधी’ची फेरी हुकलेली असते. मग पुढच्या हंगामाची मालिका निवडा आणि ती सुरू व्हायच्या आठवडाभर आधी गावं फिरून या. दुपारी माणसं रानात असतात, संध्याकाळीच जा. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घरातला पुरुष देऊन टाकतो, म्हणून सोबत एक मैत्रीण न्या. तिने बाईशी आत चुलीपाशी बोलावं, तुम्ही ओट्यावर.