फवारणी पंपाच्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ८ एएच (अँपिअर-तास) लिहिलंय. हे किती कूलोम झाले?

२८,८०० कूलोम. कूलोम म्हणजे विद्युतभार मोजायचं एकक. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम आणि तासात सेकंद ३,६००. म्हणून एएचला ३,६०० ने गुणायचं, उलट जायचं तर भागायचं. एमएएच (एएचचा हजारावा भाग) असेल तर ३.६ ने गुणा. ५,००० एमएएचचा मोबाइल म्हणजे १८,००० कूलोम.

पण त्यावरून मोबाइलची बॅटरी पंपाच्या निम्म्याहून मोठी समजू नका बरं! व्होल्टेज वेगळं आहे, आणि साठलेली ऊर्जा म्हणजे व्होल्ट गुणिले एएच. पंपात १२ × ८ = ९६ वॅट-तास, मोबाइलमध्ये ३.७ × ५ = १८.५.

वावरात कूलोम तसा कोणी मोजत नाही. कपाशीवर फवारताना मोटर ३ अँपिअर ओढत असेल, तर ८ भागिले ३, म्हणजे अडीच तासांच्या थोडं वर. तेही बॅटरी नवी असेल तर.