दानपत्र झालं, पुढे काय?

प्रश्न : 2021 साली रामबागेतलं घर मी दानपत्राने मुलाच्या नावे केलं. त्याने शेवटपर्यंत सांभाळायचं, असं ठरलं होतं. आता मागच्या खोलीत टाकलंय, औषधाला पैसे मागितले की भांडण. मुलगा आणि सून, दोघांना घराबाहेर काढता येईल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आधी दानपत्राची नोंदणीकृत नक्कल काढा आणि ती नीट वाचा. 'पुत्र की सेवा से प्रसन्न होकर' एवढंच लिहिलं असेल, तर ते झालेल्या सेवेचं कौतुक. 'आजीवन भरण-पोषण करेगा' असं असेल, तर ती अट. ज्येष्ठ नागरिक कायदा, 2007 मधल्या कलम 23 ला ही अट लागते. ती मोडली की न्यायाधिकरण दानपत्र रद्द ठरवू शकतं. ठरावीक मसुद्यावर सही केली की नेमकी हीच ओळ राहून जाते.

दानपत्रात अट नसेल, तर मुलाने त्या सुमारास वेगळं काही लिहून दिलंय का, ते शोधा. मध्य प्रदेशातल्याच उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2025 रोजी दानपत्र आणि वचनपत्र एकत्र वाचून मालमत्तेचा ताबा आईला परत द्यायला लावला. लेखी काहीच नसेल, तर हा रस्ता अवघड आहे. फसवणूक झाली असल्यास दिवाणी दावा उरतो, पण फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत.

अर्ज एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकारी, हे न्यायाधिकरण तेच चालवतात), हिंदीत करा. सोबत दानपत्राची नक्कल, वयाचा पुरावा, औषधांची बिलं आणि महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडा. मुलाचे मराठीतले मेसेज असतील तर हिंदी भाषांतरासह लावा. त्याच अर्जात निर्वाहभत्ता वेगळा मागा. तो दानपत्रावर अवलंबून नाही, मात्र स्वतःच्या उत्पन्नातून भागत नाही हे दाखवावं लागतं. कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये, आजच्या महागाईत तुटपुंजीच. निकालापर्यंत अंतरिम भत्ताही मागता येतो. वकील नाही म्हणून अर्ज अडत नाही. निकाल विरोधात गेला, तर अपिलाला 60 दिवस आहेत.

राहिली सून. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घराचा हक्क आहे, आणि ज्येष्ठांच्या कायद्याने तो सरसकट डावलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. म्हणून 'दोघांना काढा' या मागणीने सुरुवात करू नका. दान रद्द, ताबा आणि भत्ता, याच क्रमाने मागा.

प्रश्न : शेजारचे आजोबा अंथरुणाला खिळलेत, घरचे बघत नाहीत. मी अर्ज देऊ शकते का?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : हो. त्यांनी अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. त्यांच्या सहीचं किंवा अंगठ्याचं अधिकारपत्र घ्या, अंगठा असेल तर दोन साक्षीदार ठेवा. तेही जमत नसेल तर न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं. तशी विनंती एसडीएमना लेखी द्या आणि पोच घ्या. 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

प्रश्न : मुलगा पुण्यात असतो. अर्जासाठी आम्ही तिकडे जायचं का?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज चालतो. मुलाच्या घराबरोबर कंपनीचा पत्ता आणि मोबाइल नंबरही द्या. भत्त्याच्या अर्जाचा निकाल 90 दिवसांत लागायला हवा, फार तर आणखी 30. पण ही मुदत मुलाला नोटीस मिळाल्यावर सुरू होते. 'घर बंद' शेरा मारून ती परत आली, की दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.