दुसऱ्या शाखेतल्या संशोधनावर भरवसा कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही संगणकशास्त्रात पीएचडी करताय, प्रकल्पात भौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि मौखिक परंपरांचे अभ्यासक एकत्र आहेत, सगळे ‘पुरावा’ हाच शब्द वापरतात पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मग दुसऱ्याच्या शाखेतला पेपर हातात आला की त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचं कसं?

मी संख्याशास्त्र शिकले आणि इतर शाखांतल्या लोकांचा डेटा तपासून देणं हेच माझं काम आहे. त्यामुळे विषयातलं सगळं कळत नसताना मत देण्याची वेळ माझ्यावर सतत येते. अशा वेळी मी आधी एकच गोष्ट शोधते: या लोकांची चूक झाली असती, तर ती पकडायची त्यांच्याकडे काय सोय होती? निष्कर्ष, नियतकालिकाचं नाव, लेखकांची यादी हे सगळं नंतर. ही सोय प्रत्येक शाखेत वेगळी असते, कारण प्रत्येकीला वेगळ्याच चुकीचा चटका बसलेला असतो.

भौतिकशास्त्राला भीती असते ती गोंगाटाची, म्हणजे खऱ्या संकेतासारखं भासणाऱ्या उपकरणातल्या फालतू खळबळीची. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातल्या प्रचंड घटनांमुळे उठणारे सूक्ष्म तरंग, शोधणाऱ्या लायगो या प्रकल्पाच्या गटाने यावर जो उपाय केला, तो मला फार आवडतो. 16 सप्टेंबर 2010 रोजी त्यांच्या उपकरणांत एक ठळक संकेत आला. शेकडो लोक कित्येक महिने त्याच्या विश्लेषणात बुडाले होते आणि पेपरचा मसुदाही तयार झाला होता. मार्च 2011मध्ये सगळ्यांसमोर एक पाकीट उघडलं गेलं. संकेत खोटा होता. मोजक्या लोकांनी तो मुद्दाम यंत्रणेत सोडला होता. असं होऊ शकतं हे सगळ्यांना माहीत होतं, कधी होईल ते नव्हतं. एवढी मेहनत स्वतःलाच फसवण्यासाठी! पण 14 सप्टेंबर 2015 रोजी खरा संकेत आला, तेव्हा ही सगळी पद्धत आधीच तावून सुलाखून निघालेली होती. सुमारे 3,000 किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांत तो काही मिलिसेकंदांच्या फरकाने उमटला, आणि या वेळी कुणी काही सोडलेलं नाही याची खात्री करूनच पुढचं काम झालं.

आरोग्यसंशोधनाला भीती असते ती ‘पटण्यासारख्या’ स्पष्टीकरणाची. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये हृदयाचे जादा ठोके पडणं धोक्याचं, हे माहीत होतं. ते ठोके थांबवणारी औषधं होती. मग औषध दिलं की जीव वाचेल, हा तर्क इतका सरळ होता की डॉक्टर ती औषधं सर्रास देत होते. शेवटी ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत कुणाला औषध आणि कुणाला बिनऔषधी गोळी हे नशिबावर सोडलं गेलं. औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले, बिनऔषधी गोळीवरच्या 743 पैकी 26. औषधांनी ठोके थांबवले होते, आणि माणसंही. चाचणीचा हा भाग 1989मध्येच थांबवावा लागला. म्हणून डॉक्टर ‘तुलनेचा गट कुठाय?’ असं विचारतात, तेव्हा तो हट्ट समजू नका. त्या प्रश्नामागे मेलेली माणसं आहेत.

आता आपल्या दोघींच्या जवळचा विषय, संगणक. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एका गटाने क्ष-किरण चित्रांवरून आजार ओळखणारं मॉडेल केलं होतं, मी त्याचे आकडे तपासत होते आणि ते फारच छान होते. सगळी आकडेमोड दोनदा तपासून मी होकार दिला. आठवडाभराने सहज फाइलींची नावं चाळताना दिसलं की एकाच रुग्णाची दोन चित्रं आहेत, एक शिकवण्याच्या संचात आणि एक परीक्षेच्या. मग तशी आणखी सापडत गेली. मॉडेल आजार नाही, माणूस ओळखत होतं. गणित चोख होतं, वाटणीच चुकली होती, आणि वाटणी तपासायचं मला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मी निकालाच्या तक्त्याआधी डेटा कसा विभागला तो परिच्छेद वाचते. कोविडच्या काळातल्या अशा मॉडेलांचा 2021 सालचा एक मोठा आढावा आहे. त्यात बारकाईने तपासलेल्या 62 पेपरांपैकी एकही मॉडेल प्रत्यक्ष उपचारात वापरण्याजोगं निघालं नाही. काहींनी तर निरोगी किंवा इतर न्यूमोनियाचे नमुने म्हणून लहान मुलांची चित्रं घेतली होती, आणि आजारी गट मोठ्या माणसांचा!

मौखिक परंपरेवर जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात ‘पण त्याला पुरावा कसं म्हणायचं?’ असा सूर मला जाणवला.

‘तोंडी आलेलं’ हा एकच प्रकार नसतो. एका टोकाला वेदपठण आहे. घनपाठ ही त्यातली एक पद्धत. तीत पहिल्या तीन शब्दांना एक, दोन, तीन म्हणा. म्हणायचा क्रम असा: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग दुसऱ्या शब्दापासून पुन्हा तेच. हिशेब केलात तर मधला प्रत्येक शब्द 13 वेळा येतो, उलट आणि सुलट. एक शब्द गळला किंवा मागेपुढे झाला की पुढची साखळी अडखळते आणि शेजारी बसलेल्याला ते ऐकू येतं. गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी 1950मध्ये चार बिटांना (बिट म्हणजे संगणकातला 0 किंवा 1) तीन तपासणीचे बिट जोडून चूक शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत मांडली. गणित वेगळं आहे, पण मुद्दाम जास्तीचं ठेवून चूक उघडी पाडायची, ही कल्पना दोन्हीकडे आहे.

दुसऱ्या टोकाला युगोस्लाव्हियातले वीरगाथा गाणारे. अमेरिकी अभ्यासक मिलमन पॅरी यांनी 1933 ते 1935मध्ये त्यांची गाणी अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. देमाइल झोगिच हा गायक ठामपणे म्हणायचा की ऐकलेलं गाणं मी शब्दाला शब्द तसंच गातो. पॅरींचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी 17 वर्षांनी त्याच गायकाकडून तेच गाणं पुन्हा मुद्रित केलं. कथा थक्क करण्याइतकी जुळली, शब्द मात्र जुळले नाहीत. झोगिच खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ‘शब्द’ म्हणजे आपल्या छापील पानावरचा शब्द नव्हताच. म्हणून अशा गाण्यातल्या एका विशेषणावर इतिहास उभा करू नये. कथेच्या सांगाड्यावर मात्र भरवसा ठेवता येतो.

हे सगळं एकत्र आलेलं बघायचं असेल तर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा 1700 सालचा भूकंप वाचा. तिथली देवदाराची जंगलं खचून खाऱ्या पाण्यात मेली होती. त्यांच्या खोडातल्या वाढवलयांवरून (दर वर्षी एक वलय वाढतं) मृत्यूचा काळ 1699चा शेवट ते 1700ची सुरुवात असा निघाला. तिकडे जपानमध्ये जानेवारी 1700मधल्या एका त्सुनामीच्या लेखी नोंदी होत्या, पण तिच्याआधी कुणालाच भूकंप जाणवला नव्हता. म्हणजे लाट दुरून आली असणार. जपानी भूकंपशास्त्रज्ञ केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी 1996मध्ये लाटांच्या प्रवासाचं गणित उलटं मांडलं: भूकंप 26 जानेवारीला, अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास.

आणि त्याच किनाऱ्यावर, कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या हू-आय-आट या मूळनिवासी लोकांत एक हकिगत चालत आलेली आहे. पचीना उपसागराकाठचं गाव, रात्रीची वेळ, जमीन हादरली, पाणी आलं आणि किनाऱ्यावरचे सगळे गेले, उंचावर राहणारे वाचले. इथेही मी माझा नेहमीचाच प्रश्न विचारला: ही हकिगत भूवैज्ञानिकांचं ऐकून तर रचली गेली नसेल? उत्तर नोंदीच्या तारखेत आहे. ती 1964मध्ये टिपली गेली. त्या किनाऱ्यावर एवढे मोठे भूकंप होतात याचे जमिनीतले पुरावे भूवैज्ञानिक ब्रायन ॲटवॉटर यांनी 1987मध्ये मांडले, आणि ‘रात्र’ हे गणितातून निघायला 1996 उजाडलं. तेव्हा तुमच्या लोकसाहित्याच्या सहकाऱ्यांना पहिल्याच बैठकीत विचारा: हे कुणी सांगितलं, कुणाकडून ऐकलं होतं आणि कोणत्या साली टिपलं? चांगल्या अभ्यासकाच्या वहीत ही तिन्ही उत्तरं गाण्याच्या वर, पहिल्या ओळीतच लिहिलेली असतात.