सकाळी गाडी सुरू केली की इंजिनमधून टिक-टिक आवाज येतो. टॅपेटच गेले असतील का?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल गाडी आहे, रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू केली की टिक-टिक येते, चार-पाच मिनिटांत बंद होते आणि दिवसभर पुन्हा येत नाही. मेकॅनिक म्हणतोय की टॅपेट (व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारे छोटे भाग) गेले, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलावा लागेल. माझं म्हणणं असं की हेडला हात लावायच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेणारा लोखंडी भाग, बघून घ्या.

हे मी स्वतः पोळल्यावर सांगतोय. माझ्याही गाडीला अगदी असाच आवाज होता. टॅपेटचा पूर्ण सेट बदलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर तीच टिक-टिक. शेवटी दुसऱ्या एका जाणत्या माणसाने टॉर्च मारून दाखवलं: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा अगदी कडेचा एक स्टड (त्याला इंजिनशी आवळून धरणारा बोल्ट) तुटला होता आणि तिथे गॅस्केटच्या (जोडातल्या पातळ पट्टीच्या) काठाला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ उमटली होती. नेहमीच्या झाकणाखाली असल्यामुळे ती कोणाला दिसलीच नव्हती.

टॅपेटचा आणि गळत्या मॅनिफोल्डचा, हे दोन आवाज एकमेकांसारखे का वाटतात ते समजून घ्या. एक व्हॉल्व्ह क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. एका सिलिंडरमधून एक्झॉस्टचा धक्काही दोन फेऱ्यांत एकदाच येतो. म्हणजे इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) असेल तर दोन्हीकडून मिनिटाला ४०० ठोके, सेकंदाला साधारण सहा-सात. ठेका एकच, त्यामुळे नुसत्या कानावर भरवसा ठेवला तर चांगला मेकॅनिकही फसतो. तुमच्या मेकॅनिकला लबाड समजू नका.

फरक कळतो तो आवाज कधी येतो आणि कधी जातो यावरून. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) टॅपेटमधलं ऑइल रात्रीतून खाली उतरतं, म्हणून सुरू केल्यावर काही सेकंद ते वाजतात. प्रेशर आलं की गप्प. दोन-तीन सेकंदांची टिक-टिक असेल तर मी झोप उडवून घेणार नाही, फक्त ऑइल फिल्टर चांगल्या प्रतीचा आहे का ते बघेन. फिल्टरमध्ये ऑइल परत खाली जाऊ न देणारी एक रबरी झडप असते, ती कडक झाली की वरच्या भागात ऑइल पोचायला उशीर होतो. चार-पाच मिनिटं मात्र ऑइल वर चढायला लागत नाहीत. तेवढा वेळ लागतो तो लोखंड तापून फुगायला. मॅनिफोल्ड तापला की जोडातली गळती फट आपोआप दबते आणि आवाज जातो. झिजलेले किंवा कचऱ्याने अडकलेले टॅपेटही कधीकधी मिनिटभर वा जास्त वाजतात, म्हणून खात्री करून घ्यायलाच हवी.

खात्री अशी करा. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, कारण गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला ना रंग ना वास. बॉनेट उघडा, कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. हातभर लांब रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू फिरवा. गळती असेल तिथे फुस-फुस असा आवाज एकदम कानात घुसतो. बाकी जागी तो बोथट राहतो. पंखा आणि बेल्टपासून हात, बाही, नळी सगळं लांब ठेवा, आणि पहिल्या मिनिटातच बघून घ्या, नंतर मॅनिफोल्ड भाजेल इतका तापतो. इंजिन थंड असताना टॉर्चने काजळीच्या रेघा आणि स्टडची तुटलेली डोकी शोधा, विशेषतः दोन्ही टोकांना.

मेकॅनिककडून आणखी एक गोष्ट करून घ्या. आवाज चालू असताना एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा (पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर क्षणभर काढायचा. त्या सिलिंडरमध्ये जाळ झालाच नाही तर धुराचा जोराचा धक्का नाही, आणि त्याच सिलिंडरची गळती असेल तर टिक-टिक विरते. टॅपेट मात्र जाळ असो-नसो वाजतच राहतो. हेड खोलण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून आग्रह धरा.

मॅनिफोल्ड निर्दोष निघाला तर ऑइलकडे वळा. सपाट जागी, इंजिन बंद करून दहाएक मिनिटं थांबून डिपस्टिक पुसा, पुन्हा घाला, मग वाचा. दोन्ही खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेली असेल तर टॅपेट वाजू शकतात. दोन महिन्यांपूर्वी ऑइल बदललंय असं तुम्ही म्हणता, तेव्हा कोणत्या ग्रेडचं भरलं ते बिलावर बघा आणि गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडशी ताडून पाहा. जाड ऑइलने आवाज दबेल म्हणून परस्पर जाड भरू नका, थंड इंजिनमध्ये ते वर पोचायला आणखी वेळ घेतं.

तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट नसून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सेट करायचे असतील तर व्हॉल्व्हची फट मोजून घ्या. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागांत असते. नुसता आवाज घालवायला फट कमी करायची नाही, कारण घट्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही, पण जळतो.

डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन असेल तर इंजेक्टरची बारीक, कोरडी टक-टक थंडीत आणि गरमीतही चालूच असते, ती सोडून द्या.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र एक क्षणही थांबू नका. ऑइलचा लाल दिवा लागलेला राहिला, किंवा टिक-टिकऐवजी खोल ठोका येऊन रेस दिल्यावर वाढत गेला, आणि इंजिन गरम झाल्यावरही गेला नाही, तर चावी बंद करा आणि गाडी टो करूनच न्या. तो ठोका कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो, आणि तशात चालवलेलं इंजिन वाचत नाही.

उद्या सकाळी घड्याळ लावून बघा: आवाज नेमका किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी गेला, आणि चढावर थंड गाडीला जोर दिल्यावर वाढला का. दोन्ही इथे लिहा, मी वाट बघतो.