क्रंबलचा वरचा थर ओला का राहतो?

तुम्ही लिहिलंय की सफरचंदाचं क्रंबल, म्हणजे खाली फळ आणि वर पीठ-बटर-साखरेचा भुगा टाकून भाजलेला इंग्लिश गोड पदार्थ, दोनदा केलं आणि दोन्ही वेळा खाली पाणी सुटून वरचा थर शिऱ्यासारखा मऊ झाला. माझंही पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं, एवढी महागाची सफरचंदं घालून, लई वाईट वाटतं बघा.

मुख्य कारण फळाचं पाणी. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, साखरेनं फळाचं तेच होतं, आणि ते पाणी वाफ होऊन वर जायला बघतं तर वर पिठाचा थर, मग तो खालनं भिजतो. म्हणून फळ कच्चं भरूच नका. चार मोठी सफरचंदं आणि दोन घट्ट पेरू घ्या, पेरूच्या बिया काढून टाका, फोडी कढईत चमचाभर बटरवर घालून तीन चमचे गूळ, अर्ध्या लिंबाचा रस टाकायचा आणि झाकण न ठेवता परतायचं. इंग्लंडात याला ब्रॅमली नावाचं आंबट सफरचंद वापरतात, आपल्याकडचं गोड असतंय म्हणून लिंबू सोडू नका. पाकाचे बुडबुडे मोठे आणि संथ यायला लागले की चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घालायचं, एक उकळी, गॅस बंद. आणि पूर्ण गार होऊ दे, गरम फळावर पीठ टाकलं की बटर तिथंच वितळतं.

मसाल्यात अर्धा चमचा दालचिनी, दोन लवंगा कुटून, चिमूटभर सुंठ. जायफळ किसणीवर चार-पाच वेळा ओढलं की बास, जास्त झालं तर कडवट लागतं.

आता वरचा थर. आपला हात शंकरपाळ्यांना बसलेला, त्यामुळं आपण सवयीनं गरम मोहन घालतो, माझी चूक तिथंच होती, पीठ तूप पिऊन बसलं आणि थर दडस झाला. इथं बटर फ्रिजमधलं थंडगार पाहिजे. प्रमाण सोपं आहे, पीठ दोन भाग, बटर एक, साखर एक. मी ११० ग्रॅम मैदा आणि ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ घेतो, ७५ बटर, ७५ साखर. ज्वारी आमच्या घरात असतेच, तिनं थर जास्त खुसखुशीत होतो, नुसत्या मैद्यानं तसा होत नाही. घरचं लोणी वापरू नका, त्यात ताकाचं पाणी राहतं. बोटांच्या टोकांनी पटापट चोळायचं, तळहात लावायचा नाही, मुटका वळला तर वळू दे पण मळायचं नाही, काही वाटाण्याएवढे गोळे राहिले पाहिजेत, तेच भाजून कुरकुरीत होतात. खानापूरकडचे काजू मिळाले तर मूठभर जाडसर तुकडे घाला. हे मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग फळावर नुसतं भुरभुरायचं, दाबायचं अजिबात नाही.

ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, १८० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवून घ्या, मधल्या जाळीवर ३५-४० मिनिटं. कडेनं पाक बुडबुडत वर आला आणि थर बिस्किटाच्या रंगाचा झाला की झालं. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच (गरम हवेच्या मोडवर) करा, साध्या मोडवर भाजत नाही नुसतं शिजतं.

हा प्रकार इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धात घरोघरी पोचला, १९४० पासून बटर आणि साखर रेशनवर होती आणि ‘पाय’ (pie) नावाच्या पदार्थाच्या पारीपेक्षा याला ते कमी लागायचं. म्हणून तुमच्याकडं बटर कमी पडलं तरी घाबरू नका.

काढल्यावर दहा मिनिटं थांबा, पाक घट्ट होतो, मग वरनं गार साय. पाहुण्यांना कुंदा आणतोच आम्ही बेळगावात, पण जुलैत रात्रभर पाऊस कोसळत असताना जेवणानंतर सगळे याच भांड्याभोवती बसतात. त्या हवेत डब्यातली बिस्किटंसुद्धा सादळतात, त्यामुळं उरलेलं दुसऱ्या दिवशी ओटीजीतच १० मिनिटं परत गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये घातलं की परत लगदा.